उजनी भरली तरी नळ का वाहत नाही? सोलापूरच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा आढावा

सोलापुरात पाण्याची चौकशी 'कितव्या दिवशी येतं?' या प्रश्नाने सुरू होते. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, हद्दवाढ भागात कधी त्याहूनही जास्त. मध्येच पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्राची किंवा टाकळीच्या उपसा केंद्राची वीज गेली की 'शहराचा पाणीपुरवठा एक दिवस पुढे' अशी चौकट स्थानिक दैनिकांत येते आणि सगळ्या पेठांचे वेळापत्रक एका दिवसाने सरकते. उन्हाळा असो की पावसाळा, उजनी धरण शंभर टक्के भरलेले असो की उणे पातळीत गेलेले असो, या रिवाजात फारसा फरक पडत नाही.

आता आकडे मांडून पाहू. २०११च्या जनगणनेत सोलापूर महापालिका हद्दीची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरासाठी केंद्राचा निकष माणशी रोज १३५ लिटर आहे. त्या हिशेबाने तेव्हाची गरज रोज सुमारे १२८ दशलक्ष लिटर, म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या भाषेत १२८ एमएलडी. आजची वस्ती बारा लाख धरली तर गरज १६२ एमएलडी होते. उजनीची जुनी जलवाहिनी आणि टाकळीची योजना यांतून प्रत्येकी साधारण सत्तर-ऐंशी एमएलडी पाणी येते. हिप्परगा तलावाचे थोडे त्यात मिळवले तर बेरीज दीडशेच्या आसपास जाते. म्हणजे माणशी सव्वाशे लिटर. तूट आहे, पण पाच दिवसांतून एकदा नळ सोडावा एवढी ती नाही.

हिशेबातली ही फट हाच या आढाव्याचा विषय. गेली दीडशे वर्षे सोलापूरने प्रत्येक टंचाईला एकच उत्तर दिले: आणखी लांबून, आणखी मोठ्या नळाने पाणी आणायचे. आलेले पाणी मोजायचे कसे, सारखे वाटायचे कसे आणि वापरून झालेले पाणी परत कामाला लावायचे कसे, हे प्रश्न मात्र त्या त्या योजनेच्या शेवटच्या पानावर राहिले. यापुढची टंचाई त्या शेवटच्या पानावरच सुटणार आहे.

तळ्यापासून धरणापर्यंत

सोलापूर अवर्षणप्रवण पट्ट्यात आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरात आणि परतीच्या सरींत. खाली काळा पाषाण, त्यामुळे भूजल मर्यादित. अशा गावात पाणी साठवणे हे पुण्यकर्म मानले जावे यात नवल नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवलेला तलाव आजही गावाच्या मध्यावर, किल्ल्याला लागून आहे.

शहराचे आधुनिक रूप घडले ते रेल्वेने आणि गिरण्यांनी. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७०च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली आणि कामगारांची दाट वस्ती वाढली. त्याच सुमारास, १८६६ ते १८७१ या काळात, आदिला नदीवर एकरुखचा तलाव बांधला गेला. सोलापूरकर त्याला हिप्परगा तलाव म्हणतात. तो मुळात सिंचनासाठी होता. १८८०च्या दशकात त्यातून शहराला नळाचे पाणी मिळू लागले. भवानी पेठेचे जलशुद्धीकरण केंद्र आजही याच तलावाशी जोडलेले आहे.

१८५२ साली स्थापन झालेल्या नगरपालिकेची १ मे १९६४ रोजी महानगरपालिका झाली. हिप्परग्याचे पाणी तोवर अपुरे पडू लागले होते. मग शहर दक्षिणेला भीमेवर गेले: टाकळीला उपसा, सोरेगावला शुद्धीकरण. तेही पुरेना, तेव्हा १९९०च्या दशकाच्या अखेरीस थेट उजनी धरणातून जलवाहिनी आणली आणि पाकणीला शुद्धीकरण केंद्र उभारले.

याच दशकात एक निर्णय असा झाला, ज्याचा पाण्यावरचा परिणाम धरणांपेक्षा कमी नव्हता. १९९२च्या हद्दवाढीत आजूबाजूची गावे शहरात आली आणि क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरवर गेले. २०११ची लोकसंख्या या क्षेत्रात वाटली तर चौरस किलोमीटरला पाच हजार तीनशे माणसे येतात. एवढी विरळ वस्ती म्हणजे प्रत्येक नळजोडामागे जास्त लांबीची वाहिनी, जास्त सांधे, जास्त गळती आणि तेवढाच लांब ड्रेनेज. करदाते मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. विडी घरकुलापासून जुळे सोलापूरपर्यंतच्या नव्या वसाहतींची पाण्याची तक्रार या गणितातून आलेली आहे.

तीन योजना, एकच धरण

हिप्परगा, टाकळी आणि उजनी हे तीन स्रोत असल्याचे अहवालांत लिहिलेले असते. प्रत्यक्षात टाकळीच्या बंधाऱ्यात उन्हाळ्यात येणारे पाणी उजनीतूनच सोडलेले असते, आणि एकरुख उपसा सिंचन योजनेमुळे हिप्परग्याची गाठही उजनीच्या कालव्याशी पडली आहे. म्हणजे स्रोत तीन दिसले तरी आधार एकाच धरणाचा.

ते धरणही मोठे विलक्षण आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, आणि तो सामावतो सुमारे सहा मीटरच्या उंचीत: पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर. पसरट आणि उथळ पाणी उन्हात झपाट्याने उडते आणि पातळी भराभर खाली येते. म्हणूनच 'उणे साठा' हा शब्द सोलापूर जिल्ह्यात लहान मुलांनाही ठाऊक आहे. २०१९ आणि २०२४च्या उन्हाळ्यांत साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता. पातळी घसरली की शहराच्या उपसा विहिरीपर्यंत पाणी पोहोचत नाही. मग दुबार पंपिंग, तेही पुरले नाही तर तिबार पंपिंग. तेच पाणी दोनदा-तीनदा उचलण्याचे वीजबिल अर्थात महापालिकेच्या नावे.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याच्या प्रतीचा प्रश्न आहे. उजनीच्या वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन अवाढव्य शहरे आहेत. त्यांचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. नत्र आणि स्फुरद साचल्याने जलाशयात शेवाळ माजते, जलपर्णी पसरते, पाण्याला हिरवी झाक आणि वास येतो. पुण्यात जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून अकरा सांडपाणी प्रक्रिया केंद्रे बांधण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. सोलापुरात त्याची बातमी पुण्याची म्हणून वाचली जाते; वास्तविक पाकणीच्या केंद्रात तुरटी आणि क्लोरीन किती लागणार हे त्या प्रकल्पावरही ठरते.

या नात्याचा राजकीय चेहरा २०२१ मध्ये दिसला. पुण्याहून उजनीत येणाऱ्या सांडपाण्यातले पाच टीएमसी इंदापूर तालुक्याला देण्याचा आदेश एप्रिलमध्ये निघाला, सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटले आणि महिन्याभरात तो मागे घ्यावा लागला. पुण्याचे सांडपाणी हे जिल्ह्याच्या पाण्याच्या ताळेबंदातले जमेचे कलम आहे, हे त्या वादात उघडपणे मान्य झाले. घाण म्हणून ज्याची तक्रार करायची, त्याच पाण्यासाठी भांडायचेही, अशा पेचात सोलापूर सापडलेले आहे.

एक टीएमसीसाठी पाच टीएमसी

टाकळी योजनेचे गणित बाहेरच्या माणसाला सांगितले तर पटत नाही. रोज ऐंशी एमएलडी म्हणजे वर्षाला सुमारे २९,२०० दशलक्ष लिटर. एक टीएमसी म्हणजे २८,३१७ दशलक्ष लिटर. अर्थात टाकळीहून शहर वर्षभरात जेमतेम एक टीएमसी पाणी उचलते. त्यासाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडावे लागते, आणि दोनशे किलोमीटरच्या वर प्रवास करून ते औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत पोहोचावे म्हणून एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी लागतात. वर्षात अशी तीन-चार आवर्तने झाली तर आकडा पंधरा-वीस टीएमसीवर जातो. उजनीचा अख्खा उपयुक्त साठाच ५३.५७ टीएमसी आहे, हे लक्षात घेतले की या रकमेचे वजन कळते.

मधले पाणी हवेत उडते, वाळूत मुरते, आणि बरेचसे काठावरच्या मोटारी उचलतात. पाणी सोडले की प्रशासन नदीकाठच्या शेतीपंपांची वीज तोडते, बंधाऱ्यांचे बर्गे काढायला माणसे धाडते, तरीही पाणी औजला पोहोचायला आठ-दहा दिवस जातात. औजच्या पलीकडच्या तीरावर कर्नाटक आहे. तिथल्या उपशावर महाराष्ट्राचा अंमल चालत नाही.

या सगळ्याला 'नासाडी' म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य होईल. या आवर्तनावर पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला यांच्या पिण्याच्या योजना चालतात, वारीत चंद्रभागेला पाणी दिसते, आणि काठावरचा ऊस उभा राहतो. सोलापूरच्या तहानेच्या नावाने सुटणारे पाणी हे व्यवहारात नदीकाठचे अघोषित सिंचन आवर्तन झाले आहे. त्याची पाणीपट्टी नाही, मोजणी नाही, म्हणून त्याच्यावर कुणाचा हक्क आहे हेही कुठे लिहिलेले नाही.

उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीचे महत्त्व इथे कळते. सुमारे ११० किलोमीटर लांबीची, १७० एमएलडी क्षमतेची ही वाहिनी. २८ जानेवारी २०१६ रोजी स्मार्ट सिटी अभियानाची पहिल्या वीस शहरांची यादी जाहीर झाली, त्यात सोलापूर नववे होते. त्या अभियानाचा पैसा या कामाला मिळाला. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या सोलापूर दौऱ्यात पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण सुधारणांच्या एकत्रित प्रकल्पाची पायाभरणी झाली. पुढे कंत्राटदार बदलणे, शेतजमिनीच्या मोबदल्याचे वाद आणि वाढत गेलेला खर्च यांत बरीच वर्षे गेली.

१७० एमएलडी म्हणजे वर्षाला सुमारे २.२ टीएमसी. बंद नळातून हे पाणी येऊ लागले की शहरासाठी नदीत पाच-सहा टीएमसी सोडण्याचे कारण उरत नाही. यातून वाचणारे पाणी कुणाचे? कालव्यावरच्या शेतकऱ्याचे, नदीकाठच्या शेतकऱ्याचे, मराठवाड्याकडे जाणाऱ्या योजनांचे, की धरणात राखून ठेवायचे? जलवाहिनीचा आराखडा करताना हा प्रश्न ठरवून सोडवायला हवा होता. तो न सोडवल्यास पिण्याचे नाव पुढे करून आवर्तने चालूच राहतील, आणि शहराला दोन वाहिन्या मिळूनही धरण तेवढ्याच वेगाने रिकामे होईल.

जलकुंभापासून नळापर्यंत

समजा नवी वाहिनी पूर्ण क्षमतेने वाहू लागली. शहराच्या वेशीवर पाणी दुप्पट झाले. उद्यापासून रोज नळ येईल का? येणार नाही, कारण शहराच्या आतली व्यवस्था रोजच्या पाण्यासाठी बांधलेलीच नाही. ती पाळीच्या पाण्यासाठी घडत गेली आहे.

पाळीचे पाणी म्हणजे दिवसाचा सगळा पुरवठा एका वेळी शहराच्या चौथ्या-पाचव्या हिस्स्याला देणे. दोन-तीन तासांत चार-पाच दिवसांचे पाणी घरोघर पोहोचवायचे, म्हणून वाहिन्यांवर भार मोठा. उंचावरच्या आणि टोकाच्या घरांना दाब मिळत नाही. मग प्रत्येक घर नळाला मोटर लावते, आणि मोटर नसलेल्याचे पाणी मोटर असलेला ओढून घेतो. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी जाणार हे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाच्या हातात राहते, त्यामुळे नगरसेवकाचे निम्मे फोन त्यालाच जातात.

या व्यवस्थेतला खरा भेद साठवणीत आहे. पाच माणसांच्या घराला १३५ लिटरच्या निकषाने पाच दिवसांना ३,३७५ लिटर साठवण लागते. ज्याच्याकडे जमिनीत हौद आणि गच्चीवर टाकी आहे, त्याला पाच दिवसांआडचे पाणीही रोजच्यासारखेच. एका खोलीत राहणाऱ्या विडी कामगार बाईच्या घरी दोन पिंपे आणि काही घागरी मिळून पाचशे लिटर मावतात. नळ आणखी तासभर चालला तरी तिला जास्त पाणी घेता येत नाही. निकष १३५ लिटरचा, तिच्या वाट्याला येतात वीस. पाळीचे दिवस वाढवले की सगळ्यांची कपात सारखी होते असे वाटते. प्रत्यक्षात ती साठवण नसलेल्यांचीच होते.

आरोग्याची किंमत याला जोडूनच येते. नळ बंद असताना वाहिनीत दाब नसतो. शेजारून गटार किंवा फुटके चेंबर गेलेले असेल, तर गळक्या सांध्यातून घाण पाणी आत शोषले जाते आणि पुढच्या पाळीला पहिल्या पाण्यासोबत घरात येते. सोलापूरची काळी माती यात भर घालते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जमिनीतल्या जुन्या वाहिन्यांचे सांधे दरवर्षी हलतात. घरात साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असे आरोग्य विभाग सांगतो, पण पुढचे पाणी कधी येणार याची खात्री नसलेला माणूस भरलेले पिंप ओतून देईल कसे? डेंग्यूचा प्रतिबंध पाण्याच्या वेळापत्रकात अडकलेला आहे.

यातून सुटलेली शहरे आहेत, आणि ती फार लांबची नाहीत. शेजारच्या कलबुर्गीत, तसेच हुबळी-धारवाड आणि बेळगावात, २००८ पासून काही निवडक विभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले. तिथे आधी विभाग वेगळे तोडले, त्यांतल्या वाहिन्या बदलल्या, प्रत्येक जोडाला मीटर लावला आणि मग नळ सतत चालू ठेवला. हुबळी-धारवाडमधल्या अभ्यासात सतत चालणाऱ्या नळांच्या पाण्यात जिवाणूंचे प्रदूषण पाळीच्या नळांपेक्षा बरेच कमी आढळले. महाराष्ट्रात कऱ्हाडजवळच्या मलकापूरने लहान गावात हेच करून दाखवले. ओडिशातील पुरीने २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी पिण्याची हमी दिली.

सर्वांत बोलके उदाहरण कंबोडियाच्या नोम पेन्हचे. यादवीतून बाहेर पडलेल्या त्या शहरात १९९३ मध्ये पाण्यातला ७२ टक्के भाग गळती आणि चोरीत जात असे. एक सोन चान यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने जोडांची मोजदाद केली, मीटर बसवले, बेकायदा जोड तोडले, मंत्री आणि सैन्यालाही बिल भरायला लावले आणि गरिबांना सवलतीत जोड दिले. पुढच्या दीड-दोन दशकांत तो आकडा सहा-सात टक्क्यांवर आला आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागले. चान यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे नदी आधीपासून होतीच. बदलली ती मोजणी आणि शिस्त.

सोलापूरला यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कामाचा क्रम. शहराचे जलकुंभनिहाय विभाग करायचे, प्रत्येक विभागाच्या तोंडाशी प्रवाहमापक बसवायचा, आत किती गेले आणि बिलात किती उतरले याचा हिशेब लावायचा. जिथे फरक मोठा, तिथे आधी खणायचे. घरगुती मीटर हा विषय काढला की सभागृहात गदारोळ होतो, कारण ठोक वार्षिक पाणीपट्टीची सवय आहे. पण विभागाच्या तोंडाशी मीटर लावायला कुणाची हरकत असायचे कारण नाही. आणि तेवढ्यानेही आजवर अंदाजाने सांगितली जाणारी गळती पहिल्यांदा आकड्यात दिसेल.

वापरलेले पाणी

नळाने येणाऱ्या पाण्यातले साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. दीडशे एमएलडी आले तर १२० एमएलडी गेले. पंतप्रधानांच्या २०१९च्या त्याच दौऱ्यात भुयारी गटार योजना आणि तीन सांडपाणी प्रक्रिया केंद्रे शहराला अर्पण झाली: देगाव, प्रतापनगर आणि कुमठे. तिन्ही मिळून क्षमता सुमारे शंभर एमएलडी, त्यात एकट्या देगावची ७५. क्षमतेच्या दृष्टीने सोलापूर अनेक मराठी शहरांच्या पुढे आहे.

परंतु केंद्रापर्यंत सांडपाणी पोहोचले तरच क्षमता कामाची. मुख्य वाहिनी रस्त्याखालून जाते. घराचा संडास-मोरीचा जोड तिला लागलेला नसेल, तर पाणी सेप्टिक टँकमधून किंवा उघड्या गटारातून नाल्यालाच जाते. घरजोड हे किचकट आणि खर्चिक काम. रस्ता खणावा लागतो, मालकाला पैसे भरावे लागतात, भाडेकरूचा त्यात संबंध नसतो. उद्घाटनाच्या फलकावर वाहिनीची लांबी लिहितात, जोडांची संख्या लिहीत नाहीत. हद्दवाढ भागातले ड्रेनेजचे अर्धवट जाळे, पावसाचे पाणी आत शिरून उसळणारी चेंबरे आणि कापड रंगवण्याच्या कारखान्यांचे रंगीत पाणी ही तीन दुखणी केंद्राच्या यंत्रणेलाही बाधतात. वाहिनी तुंबली की संरक्षक साधनांशिवाय आत माणूस उतरवायचा नाही, हा २०१३चा कायदा आहे. तो पाळायचा तर जेटिंग आणि सक्शन यंत्रे पुरेशी हवीत आणि कंत्राटदाराच्या कामावर लक्ष हवे.

इथून निघालेले पाणी नाल्यांवाटे सीनेला मिळते, आणि सीना हत्तरसंग कुडल येथे भीमेला. शके ९४० म्हणजे १०१८ सालच्या मराठी शिलालेखासाठी प्रसिद्ध असलेला तो संगम. त्याच्या खालच्या अंगाला कर्नाटकातले अफझलपूर आणि इतर गावे आहेत. पुण्याने आपल्या धरणात काय सोडावे यावर सोलापूर जे बोलते, ते सगळे त्या गावांना सोलापूरबद्दल बोलता येईल.

या पाण्याला गिऱ्हाईक मात्र घराशीच आहे. फताटेवाडीचा एनटीपीसीचा औष्णिक वीज प्रकल्प १,३२० मेगावॉटचा. अशा प्रकल्पाला दर युनिट विजेमागे सुमारे तीन लिटर पाण्याची मर्यादा आहे. त्या दराने पूर्ण क्षमतेने चालल्यास रोजची गरज नव्वद-पंचाण्णव एमएलडी होते. केंद्राच्या २०१६च्या वीजदर धोरणानुसार सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतील औष्णिक प्रकल्पांनी प्रक्रिया केलेले पाणी वापरायचे आहे. समांतर जलवाहिनीसाठी एनटीपीसीने २५० कोटी रुपये देण्याची आणि त्या बदल्यात शहराने प्रक्रिया केलेले पाणी देण्याची जी बोलणी झाली, ती याच तत्त्वावर. देगावचे केंद्र पूर्ण भरून चालले तर वर्षाला सुमारे ०.९७ टीएमसी पाणी देऊ शकते, म्हणजे टाकळीवरून शहर जेवढे उचलते जवळपास तेवढे. तेवढे पाणी प्रकल्पाने उजनीतून घेतले नाही, तर नवे धरण न बांधता शहराच्या वाट्याला एक टीएमसी येतो.

महाराष्ट्रात हे करून दाखवले आहे नागपूरने. भांडेवाडीच्या केंद्रातील पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. तिथला धडा एवढाच, की पाण्याची प्रत, दर, दंड आणि पुरवठ्याची हमी करारात नेमकी लिहावी लागते. वीज प्रकल्पाला एक दिवस पाणी 'पुढे ढकलून' चालत नाही. अमृत २.० या योजनेतही शहराच्या मागणीतील वीस टक्के गरज पुनर्वापरातून भागवण्याचे आणि हिशेबाबाहेरचे पाणी वीस टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट आहे. सोलापूरला पहिले उद्दिष्ट एका करारात गाठता येण्यासारखे आहे. दुसऱ्याला मात्र गल्ली-गल्लीतले काम लागेल.

पावसाचे पाणी

टंचाईच्या शहरात पुराची चर्चा चमत्कारिक वाटेल, पण ऑक्टोबर २०२० आणि सप्टेंबर २०२५ नंतर ती टाळता येत नाही. सीनेला महापूर आला. शहरात हिप्परग्याच्या सांडव्याखालची आदिला आणि शेळगीकडचे नाले अतिक्रमणांनी अरुंद झाल्याने पाणी घरांत शिरले. पावसाळी गटार आणि ड्रेनेज वेगळे नसल्यास अशा दिवशी प्रक्रिया केंद्रे निकामी होतात. छतावरचे पाणी तरी अडवता येते: शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर साडेपाचशे मिलिमीटर पावसात, वीस टक्के गळती धरूनही, ४४ हजार लिटर पाणी जमते. पाच माणसांच्या घराची ती दोन महिन्यांची गरज आहे. शहराची योजना यावर उभी राहणार नाही, पण शाळा, मंगल कार्यालये आणि कारखाने यांच्या बाबतीत हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

पैसा आणि जबाबदारी

स्मार्ट सिटी, अमृत, अमृत २.० या सगळ्या योजनांचा पैसा बांधकामासाठी येतो. वीजबिल, रसायने, वाहिनी दुरुस्ती, प्रक्रिया केंद्र चालवणारी माणसे यांचा खर्च पाणीपट्टीतून निघावा अशी अपेक्षा असते. ठोक पट्टी, थकबाकी, बेकायदा जोड आणि दुबार-तिबार पंपिंगचे बिल यांत ती पुरी होत नाही. म्हणून नवी यंत्रणा उभी राहते आणि देखभालीअभावी दहा वर्षांत तिच्यासाठी नवीन योजनेचा प्रस्ताव तयार करावा लागतो. समांतर वाहिनीलाही हेच होणार नाही, याची तजवीज तिच्या अंदाजपत्रकातच करावी लागेल.

दुसरा मुद्दा उत्तरदायित्वाचा. धरण जलसंपदा विभागाचे, जलवाहिनीत स्मार्ट सिटी कंपनी, वितरण महापालिकेचे, योजनांच्या तांत्रिक तपासणीला जीवन प्राधिकरण, वीज महावितरणची. नळाला पाणी आले नाही तर यांतले प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो, आणि प्रत्येकाचे म्हणणे खरेही असते. त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर मोठा काळ महापालिका प्रशासकाच्या हाती होती. कोट्यवधी रुपयांचे निर्णय झाले, पण त्यांवर उलटतपासणी करणारे सभागृह नव्हते.

क्रम कोणता?

वरच्या सगळ्यातून कामाचा क्रम असा लागतो. पहिल्यांदा मोजणी: पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठ या तिन्ही केंद्रांतून रोज किती पाणी निघाले आणि प्रत्येक जलकुंभाला किती मिळाले, हे महापालिकेने दररोज जाहीर करावे. याला धरणही लागत नाही आणि भूसंपादनही. त्यानंतर नवीन पाण्याचा पहिला हिस्सा पाळी सगळीकडे एका दिवसाने कमी करण्यात विरघळू देण्याऐवजी, एक-दोन विभाग पूर्ण दुरुस्त करून तिथे रोजचे पाणी सुरू करावे. त्यातला एक विभाग मुद्दाम साठवण नसलेल्या वस्तीचा असावा. कलबुर्गीत हे जमले, कारण तिथे शहराचा तुकडा निवडण्याचे धाडस झाले. तिसरे, देगावच्या पाण्याचा एनटीपीसीशी होणारा व्यवहार आणि घरजोडांचे काम एकाच वेळापत्रकात बांधावे, कारण जोड झाल्याशिवाय विकायला पाणी नाही. चौथे, नदीतील आवर्तन बंद झाल्यावर वाचणाऱ्या पाण्याची वाटणी आधीच जाहीर व्हावी, पंढरपूरपासून औजपर्यंतच्या शेतकऱ्यांना विश्वासात घेऊन.

यातले पहिले काम सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत अवघड, कारण आकडे बाहेर आले की कोणत्या पेठेला जास्त मिळते, कोणत्या वस्तीला कमी मिळते आणि कुठे पाणी वाटेतच गायब होते, हे लपत नाही. उजनीत पाणी नाही, हे उत्तर गेली कित्येक वर्षे नेत्याला आणि अधिकाऱ्याला सोयीचे होते. समांतर जलवाहिनीने ती सोय काढून घेतली आहे. यापुढे सोलापूरकराने 'कितव्या दिवशी?' यासोबत 'आमच्या टाकीत किती आले?' हेही विचारायला हवे, आणि त्याचे उत्तर आकड्यात मागायला हवे.